टाइम ट्रायलवाल्याला संघ वर्षभराचा पगार कशाचा देतो?

घाटचढ्या:
सायकलपटू टोनी मार्टिन २०११, २०१२, २०१३ आणि २०१६ असा चार वेळा टाइम ट्रायलचा (एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या शर्यतीचा) विश्वविजेता. पण २०१५ च्या टूर द फ्रान्समध्ये वैयक्तिक टाइम ट्रायल होती एकच, उट्रेख्टची, तीही १३.८ किमीची. मग बाकीचे दिवस असा रायडर करतो काय? शिवाय तो ५८ दाती चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) लावायचा म्हणतात. एवढी कशाला?

पेलोटॉनप्रेमी:
बाकीचे दिवस ओझी वाहतो. सपाट टप्प्यात चार-पाच जण पुढे निसटले की मागच्या घोळक्याच्या तोंडाशी राहून तासन् तास वारा अंगावर घ्यायचा आणि अंतर आटोक्यात ठेवायचं. टीव्हीवर थेट प्रक्षेपण सुरू होईपर्यंत यातलं निम्मं काम उरकलेलं असतं, म्हणून ते कुणाला दिसत नाही. २०१९ पासून निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२१ पर्यंत, युम्बो-व्हिस्मा संघात मार्टिनचं मुख्य काम हेच. सांघिक टाइम ट्रायलमध्येही असा माणूस सोन्यासारखा.

अधूनमधून स्वतःची संधीही साधता येते. २०१५ च्या टूरमध्ये उट्रेख्टला पिवळी जर्सी (एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याची) ५ सेकंदांनी हुकली, पण चौथ्या टप्प्यात कँब्रेला शेवटच्या तीनेक किमीत निसटून त्याने टप्पा आणि जर्सी दोन्ही घेतलं, तेही सहकारी त्रेंतीनच्या सायकलवर! दोन दिवसांनी पडून कॉलरबोन मोडलं. २०१३ च्या व्हुएल्टात (स्पेनच्या शर्यतीत) कासेरेसचा टप्पा तो सुरुवातीपासून एकटा पुढे होता, घोळक्याने गाठलं ते अगदी रेषेच्या तोंडाशी.

वॉटमीटर:
५८ दातीचं कारण फक्त वेग नव्हे. ५८×१४ आणि ५४×१३ (पुढच्या चेनरिंगचे दात × मागच्या चक्राचे दात) यांचं गुणोत्तर जवळपास सारखंच (४.१४ आणि ४.१५), ताशी ५० किमी वेगाला दोन्हीत केडन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ९५ च्या आसपास. फरक चेनमध्ये. मागचं चक्र मोठं असलं की चेनची कडी कमी कोनात वळते आणि चेन सरळ रेषेत राहते, त्यामुळे घर्षण घटतं. फायदा मोजक्या वॉटचाच. पायात ताकद नसताना ५८ लावलीत तर चढावर गिअर संपतील, आणि काही फ्रेममध्ये एवढी मोठी चेनरिंग चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासते. आधी जागा मोजा.

खरा खेळ हवेचा. ताशी ५० किमी, हवेची घनता १.२ धरा. सीडीए (शरीर-सायकलचा आकार आणि समोरचं क्षेत्रफळ मिळून हवेला किती अडतं तो आकडा) ०.२२ असेल तर फक्त हवेसाठी ३५४ वॉट लागतात, ०.२० असेल तर ३२२. बसण्यातल्या फरकाने ३२ वॉट वाचले! चाकांवर पैसे ओतण्याआधी खांदे आत घ्या, डोकं खाली करा, ढगळ जर्सी बदला.

घाटचढ्या:
मग मार्टिनची पोझिशन जशीच्या तशी उचलली तर?

वॉटमीटर:
नको. त्याच्या काळच्या नियमाने सीटचं टोक बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल ज्या आसावर फिरतात त्याच्या) किमान ५ सेंमी मागे हवं. कंबर मोकळी राहावी म्हणून रायडर सरकून टोकावर बसतात, आणि घसरू नये म्हणून मार्टिनने सीटला सँडपेपरसारखा खरखरीत पृष्ठभाग लावला होता. कातडी सोलून निघते त्याने. हँडल एकदम खाली नेलंत तर मांडी छातीला लागते आणि पॉवर पडते. एकेक स्पेसर (हँडल उंच ठेवणारी कडी) काढा, दोन आठवडे तिथेच चालवा, त्याच वॉटला वेग वाढतो का बघा. वाढला नाही तर स्पेसर परत लावा.

पेलोटॉनप्रेमी:
पेसिंगचंही (शर्यतभर ताकद कशी वाटायची त्याचंही) बघा. सुरुवातीच्या रॅम्पवरून उतरल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं ठरलेल्यापेक्षा ५० वॉट जास्त गेले तरी काही जाणवत नाही, स्नायूंतलं लॅक्टेट मागाहून वसूल करतं. म्हणून पहिली चार मिनिटं आकड्यावर डोळा ठेवून ठरलेल्याच्या वर जायचं नाही. चढाला आणि समोरच्या वाऱ्यात ५ ते १० टक्के जास्त, उतारावर कमी. वेग मुळात कमी असतो तिथे जादा वॉटचे सेकंद जास्त मिळतात. उतारावर ते हवाच खाते.