अनुभव धागा: लांगेच्या टेकड्यांतलं खाणं-पिणं (पिएमोंते, इटली)

ऑक्टोबरात दोन कुटुंबं मिळून इटलीला निघालोय. रोम-व्हेनिस आधी झालंय, म्हणून यंदा वायव्येकडचा पिएमोंते, त्यातही आल्बा गावाभोवतीचा लांगे हा टेकड्यांचा भाग. बारोलो आणि बार्बारेस्को या वाईन तिथल्याच, आणि 2014 पासून तिथले द्राक्षमळे युनेस्कोच्या यादीत आहेत. आमच्यात दोघे वाईनचे दर्दी, एक अजिबात न पिणारा, सासूबाई शाकाहारी (अंडं चालतं). जाऊन आलेल्यांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी सविस्तर लिहा. "छान आहे, जरूर जा" एवढ्यावर सोडू नका.

बागायतदार, निफाड

फिरायला गेलो, पण डोळे शेतकऱ्याचेच. उतार असे की आपला ट्रॅक्टर उलटेल. तिथे साखळीपट्ट्याचे बुटके ट्रॅक्टर चालतात. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. त्यांची वेल हिवाळाभर झोपते, छाटणी एकदाच. नेब्बिओलो ही तिथली मुख्य जात लवकर फुटते आणि काढणीला बहुधा ऑक्टोबर उजाडतो. म्हणजे वसंतातली उशिराची थंडी, मग गारपीट, मग काढणीच्या तोंडावरचा पाऊस, सगळं तिच्याच वाट्याला.

मी ठिबक शोधत होतो, दिसेना. बारोलोच्या नियमांत पाणी द्यायची मुभा फक्त अडचणीच्या वेळी. उत्पादनालाही मर्यादा: हेक्टरी 8 टन, म्हणजे एकरी जेमतेम सव्वातीन टन. मळेवाल्याला म्हटलं, एवढ्यात आमचा औषधफवारणीचा खर्च निघायचा नाही. तो हसला आणि जमिनीचा भाव सांगितला. बारोलोतला चांगला उतार हेक्टरी दहा लाख युरोंच्या पुढे जातो! त्याचे आजोबा मात्र आल्ब्याच्या चौकात दलाल म्हणेल त्या भावाने द्राक्षं टाकून यायचे. हे ऐकल्यावर आमची चांगलीच गट्टी जमली.

बार्बारेस्कोत गावच्या पाद्रीबाबांनी 1958 साली 19 शेतकऱ्यांना धरून सहकारी वाईनरी काढली. ती आजही जोरात चालते, आणि तिच्या बाटल्यांना दर्दी लोकांत मान आहे. साखर कारखान्याच्या राजकारणात वाढलेल्या माणसाने तिथे जाऊन यावंच.

आणखी एक, मळ्यात राबतं कोण तेही विचारा. कानेल्लीच्या बाजूला मॅसेडोनियातून आलेली बरीच कुटुंबं आहेत. टेस्टिंगच्या गोड भाषणात त्यांचं नाव निघालं नाही.

तूपभात

सासूबाईंसाठी लिहिते, कारण माझी आई बरोबर होती. इथे पहिल्या घासापासून वासराचं मांस: कच्चं खिमा करून, नाहीतर पातळ काप ट्यूनाच्या सॉसमध्ये. चिमटीने बंद केलेला 'प्लिन' हा इवलासा पास्ता दिसतो गोड, आत सहसा मांसच. सासूबाईंचा आधार म्हणजे ताजारिन, अंड्याच्या बलकातल्या शेवयाच म्हणा. "बुर्रो ए साल्विया" म्हणजे लोणी आणि सेजची पानं घालून मागवा, नाहीतर मांसाचा रस्सा घालून येतात. बान्या काउदापासून सावध. ताटभर भाज्या आणि मधे लसणाचं गरम तेल बघून आई खुलली होती, पण त्यात अँचोव्ही मासा विरघळवलेला असतो. बऱ्याच चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) असतं. त्याबाबत कडक असाल तर आधीच बोलून घ्या.

गोडात मात्र चंगळ. कोर्तेमिलियाचा हेझलनट केक खा. हेझलनट इथलंच पीक आहे, आणि न्युटेला 1964 साली आल्ब्यातच जन्मली.

बागायतदार, निफाड

ताई, भाज्या कच्च्याच खातात का त्या तेलात बुडवून?

तूपभात

हो दादा, कच्च्याही आणि उकडलेल्याही. ढोबळी मिरची, कोबी, आणि कार्दो नावाचे देठ.

संशयात्मा

ट्रफलबद्दल, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या महागड्या बुरशीबद्दल (चॉकलेटचं नव्हे). पांढरं ट्रफल ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे तुम्हाला मिळेल. शोधायला कुत्रा नेतात. डुकराला इटलीत बंदी आहे. पर्यटकांसाठी 'शोधमोहीम' असते, आम्हीही पैसे भरले. गाडीतून उतरतो न उतरतो तोच कुत्र्याने ट्रफल उकरलं! आधीच पुरून ठेवलं असावं, असा माझा दाट संशय. खरे शोधणारे रात्री जातात आणि जागा पोटच्या पोरालाही सांगत नाहीत. मोहिमेपेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात शनिवार-रविवारी आल्ब्याची ट्रफल जत्रा बरी: नुसतं वास घेत हिंडा. लसूण आणि गळका गॅस यांच्या मधला वास आहे, सगळ्यांना झेपत नाही. ट्रफल शिजवत नाहीत, गरम ताजारिनवर कच्चंच किसतात आणि ग्रॅमवर पैसे घेतात. किसण्याआधी भाव विचारा. 'ट्रफल तेला'च्या बाटल्या आणू नका, बहुतेकांत कृत्रिम वासच असतो.

सध्या मुक्काम तोरिनो

इथे तोरिनोत (ट्यूरिन) शिकते, त्यामुळे महागडी बारोलो क्वचितच परवडते. खरं सांगू? ताजी बारोलो मला आवडतही नाही. किमान 38 महिने, त्यातले 18 लाकडात मुरवूनही टॅनिन (तुरट अंश) इतकं की जीभ कोरडी पडते. इथली माणसं रोजच्या जेवणाला दोल्चेत्तो आणि बार्बेरा पितात, तेच प्या. सासूबाई चाखणार असतील तर मोस्कातो दास्ती: गोडसर, हलके बुडबुडे, अल्कोहोल पाच टक्क्यांच्या आसपास.

तोरिनोहून ब्रा या गावामार्गे आल्ब्यापर्यंत ट्रेन आहे, पुढे गावोगाव गाडीच लागते. तुमचा न पिणारा भिडू म्हणजे लॉटरी आहे; त्याच्या हाती चाव्या द्या, पण भारतातूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणू द्या. चालकाच्या रक्तात अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम, आणि परवाना तीन वर्षांच्या आतला असेल तर शून्य.

जुना वाचक

एक कडू आठवणही असू द्या. 1986 साली मिथेनॉल मिसळलेल्या वाईनने इटलीत 20 हून अधिक माणसं गेली, आणि ती वाईन याच कुनेओ जिल्ह्यातल्या नार्झोले गावातून निघाली होती. त्याच सुमाराला शेजारच्या ब्रात कार्लो पेत्रीनी यांची स्थानिक खाद्यसंस्कृती जपणारी चळवळ उभी राहत होती, जिची पुढे स्लो फूड झाली. पोलेन्झोत त्यांचं अन्नशास्त्राचं विद्यापीठ 2004 पासून आहे. ब्रा आणि पोलेन्झो दोन्ही आल्ब्याहून जवळ.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! दिवसाला किती वाईनरी घ्याव्यात? आमचे दर्दी पाच म्हणताहेत.

सध्या मुक्काम तोरिनो

दोन. चाखलेली वाईन थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका. रविवारी बऱ्याच लहान वाईनरी बंद असतात, आणि दुपारचं जेवण अडीचनंतर मिळणं कठीण. ऑक्टोबरात काढणी आणि ट्रफल एकदम येतात, तेव्हा टेबलं आत्ताच राखून ठेवा.