नकाशाच्या पैशापेक्षा पाया बघा

भाऊ, घराच्या मागे काढायच्या दोन खोल्यांसाठी आर्किटेक्टने 40 हजार सांगितले आणि मिस्त्री म्हणतो नकाशाच नको, असं तुम्ही लिहिलंय. मिस्त्रीचं एवढं मनावर घेऊ नका.

आधी परवानगीचं. घर गावठाणात असेल आणि बांधकाम 3200 चौरस फुटांच्या आत असेल, तर 2021 पासून नगररचना विभागाकडे जायची गरज नाही, ग्रामपंचायतीतच काम होतं. मालकीचे कागद, नकाशा अन् परवानाधारक इंजिनिअरचा दाखला जोडावा लागतो. म्हणजे छोट्या कामाला आर्किटेक्टच हवा असं नाही, पण सही लागतेच. घर शेतात असेल तर अकृषकचा (शेतजमीन बिगरशेती वापरात घेण्याचा) प्रश्न येतो, तिथे आधी तलाठ्याला भेटा. बांधकामाचा खर्च मोठा असेल तर कामगार उपकर लागतो का तेही विचारा.

आता खरं दुखणं. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. आम्ही 2016 मध्ये नकाशाविना दोन खोल्या जुन्या भिंतीला चिकटवून काढल्या. दुसऱ्याच उन्हाळ्यात सांध्यात अशी भेग पडली की दहाचं नाणं उभं आत जायचं. दुरुस्तीत इंजिनिअरच्या फीच्या तिप्पट पैसे गेले, अन् आईची खोली दोन महिने बंद राहिली.

म्हणून 40 हजारांत काय काय येतं ते लेखी घ्या: पायाचं डिझाइन, जुन्या-नव्या भिंतीतला सांधा, साइटवर किती फेऱ्या, जीएसटी धरून की वेगळा. नुसत्या सही-नकाशाचे असतील तर महाग आहेत. पाया भरताना आर्किटेक्ट स्वतः उभा राहणार असेल, तर द्या.