'गुड', 'रिव्होक्ड', 'अननोन' : मराठीत काय लिहायचं?

केंद्रचालक, दारव्हा तालुका
सरपंच-ग्रामसेवकांच्या डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राची, स्थिती कशी तपासायची, याचं एक पानी टिपण करतोय. ओपनएसएसएल या संगणक-साधनाची ओसीएसपी कमांड प्रमाणपत्र रद्द झालंय का, हे ऑनलाइन विचारते. तिला तपासायचं प्रमाणपत्र, ते देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र आणि विचारणेचा पत्ता द्यायचा. उत्तर येतं गुड, रिव्होक्ड किंवा अननोन. मी 'वैध, रद्दबातल, अज्ञात' लिहिलंय. जमेल ना?

भाषांतरकार, अमरावती
'वैध' काढा, भाऊ. गुड म्हणजे या क्रमांकाचं प्रमाणपत्र रद्द झाल्याची नोंद नाही, बस. सही कोणी केली, कागदात नंतर खाडाखोड झाली का, हे ओसीएसपी पाहतच नाही. 'रद्द नाही' लिहा. रुक्ष वाटेल, पण खोटं ठरणार नाही.

निवृत्त तलाठी, दिग्रस
'रद्दबातल' नको. ते वाचून लोक समजतात की मुळात झालंच नव्हतं. इथं रद्द होतं ते एका वेळेपासून. उत्तरात 'रिव्होकेशन टाइम' अशी वेगळी ओळच येते. सरपंच बदलले, जुन्या टोकनवरचं (सहीच्या यूएसबीवरचं) प्रमाणपत्र रद्द केलं, म्हणून त्यांच्या आधीच्या सह्या पुसल्या जात नाहीत. सही त्या वेळेआधीची आहे, हे टाइमस्टॅम्पवरून, म्हणजे सहीच्या वेळेच्या नोंदीवरून, दाखवता आलं पाहिजे. आमच्या इकडे सरसकट 'सही बाद झाली' म्हणतात, त्यातही हाच घोळ. आणि ती रद्द झाल्याची वेळ जीएमटीत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. सकाळी साडेनऊला रद्द झालेलं पहाटे चारचं दिसेल, मग लोक विचारतील, रात्री कोण बसलं होतं ऑफिसात!

केंद्रचालक, दारव्हा तालुका
बरं, मग नुसतं 'रद्द'. कारणाच्या ओळीत 'सर्टिफिकेट होल्ड' आलं तर?

भाषांतरकार, अमरावती
'स्थगित'. सगळ्या कारणांत हे एकच मागे घेता येतं. बाकी रद्द ते कायमचं.

संगणक शिक्षक, वरुड
'अज्ञात'ही बदला. ते वाचलं की प्रमाणपत्रच बनावट असल्याची शंका येते. उत्तर देणारा सर्व्हर एवढंच सांगतो की याची मला माहिती नाही. बरेचदा इश्यूअरची, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची, फाईल चुकीची दिलेली असते. एकाच संस्थेची जुनी-नवी अशी दोन प्रमाणपत्रं असली की हमखास. 'माहिती नाही' लिहा आणि शेजारीच 'इश्यूअरची फाईल तपासा' अशी सूचना टाका.

केंद्रचालक, दारव्हा तालुका
टाकतो, सर. 'मुदत संपली' हा चौथा रकाना करू का?

संगणक शिक्षक, वरुड
ओसीएसपीच्या तक्त्यात नको, ते त्याचं उत्तरच नाही. मुदत पाहायला ओपनएसएसएलचीच एक्स-५०९ कमांड वेगळी चालवावी लागते. ती आधी चालवायला सांगा.