पार्थेनॉनसाठी अथेन्सला जायचं की हेडसेट पुरे?

रानजाई (धागाकर्ती)
काल एका ग्रुपवर अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरच्या पार्थेनॉनबद्दल, म्हणजे अथेना देवीच्या प्राचीन मंदिराबद्दल वाचलं: 'अक्रोपोलिसला जाऊन निराशा झाली. चढ, ऊन, गर्दी, क्रेन आणि मोडके खांब. घरी व्हीआर हेडसेट लावा, अख्खं मंदिर रंगांसकट दिसतं.' खाली 'अगदी मनातलं बोललात' म्हणणाऱ्यांची रांग. तिथे उत्तर देऊन उपयोग नव्हता, म्हणून इथे लिहितेय.

ज्या क्रेनचा यांना त्रास झाला तीच नीट बघायला हवी होती. शंभरेक वर्षांपूर्वीच्या डागडुजीत घातलेले लोखंडी आकडे गंजून फुगले आणि त्यांनी संगमरवर फोडला. आता ते काढून टायटॅनियमचे बसवतात. जिथे तुकडाच नाही तिथे त्याच पेंटेली डोंगरातला नवा दगड, म्हणून ठिगळं पांढरी दिसतात. आणि त्या चौथऱ्याशी वाकून एका टोकाकडून दुसरीकडे नजर टाका. पायरी मधोमध फुगलेली आहे, लांब बाजूला साधारण अकरा सेंटीमीटर. खांब आतल्या अंगाला किंचित कललेले. हेडसेटमधल्या मंदिरात हे असेलही, पण जाणवत नाही.

मग खाली 2009 मध्ये उघडलेलं संग्रहालय. वरचा मजला थेट मंदिराच्या दिशेत फिरवलेला, काचेतून मंदिर समोर. मंदिराभोवतीची कोरीव शिल्पपट्टी साधारण 160 मीटर, त्यातली 80 च्या आसपास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये, 50 इथे. इथले दगड मधाच्या रंगाचे, लंडनमधल्यांच्या जागी पांढरेफटक प्लास्टरचे ठसे. काय गेलंय ते भिंतच सांगते.

दूरदेशी
असहमत. तुम्ही ज्याला मूळ म्हणताय ते उरलंसुरलं आहे. ती पट्टी बारा मीटर उंचीवर, छपराखालच्या सावलीत होती. पॉसेनियस या ग्रीक प्रवाशाने दुसऱ्या शतकात मंदिराचं वर्णन लिहिलं, त्रिकोणी माथ्यांवरच्या मूर्ती सांगितल्या, आतली अथेना सांगितली, पट्टीबद्दल चकार शब्द नाही. डोळ्यासमोर आणून, एसीत, रंग उडालेली बघणं हा ग्रीकांचा अनुभव नव्हेच.

मी अमेरिकेत नॅशव्हिलजवळ राहतो. इथे पार्थेनॉनची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, मूळ 1897 च्या प्रदर्शनासाठी केलेली. आत 1990 पासून बेचाळीस फुटी अथेना, नंतर सोन्याने मढवलेली. संग्रहालयात जांभया देणारी माझी मुलगी तिच्यापुढे गप्प उभी राहिली. मूळ मंदिरातली, शिल्पकार फिडियसची सोन्या-हस्तिदंताची अथेना कुठेच शिल्लक नाही. अथेन्समध्ये तुम्ही ती कशी बघणार?

कोळसा_कागद
प्रतिकृतीला माझा विरोध नाही. कला महाविद्यालयात आम्ही ग्रीक मुंडक्यांच्या प्लास्टर ठशांवरूनच चित्रं काढली. एकाच पापणीवर आठवडा घालवला. छाया कुठे वळते ते त्या पांढऱ्या प्लास्टरने शिकवलं, आजही हात तिथूनच चालतो. पण ते लाल-निळे रंग फासलेले पुतळे प्रदर्शनात मांडतात ते मला सहन होत नाहीत. घडण मरते त्यात.

दूरदेशी
तुमची आवड म्हणजे पुरावा नव्हे. 2009 मध्ये लंडनमधल्या आयरिस देवीच्या, पार्थेनॉनवरच्याच मूर्तीच्या, कमरपट्ट्यावर इजिप्शियन निळ्या रंगाचे अंश सापडले. विशिष्ट प्रकाश टाकला की तो रंग इन्फ्रारेड कॅमेऱ्यात चमकतो. आणि याच पांढऱ्याच्या हौसेपायी 1937-38 मध्ये तिथे धातूच्या हत्यारांनी दगड खरवडले. मूळ पृष्ठभाग गेला तो कायमचा.

कोळसा_कागद
निळा होता हे मान्य. किती गडद, वर कसली झिलई, हे त्या अंशांवरून कळतं का? रंगवणारा आजचा आहे, त्याने आपल्या अंदाजाने भरलंय. तेवढं तरी कबूल करा.

दूरदेशी
केलं. पांढरा हाही अंदाजच, आणि तो चुकीचा ठरलेला आहे.

थेम्सकाठचा
लंडनला एवढं झोडपू नका. 1687 मध्ये मंदिरात तुर्कांचं दारूगोदाम होतं, व्हेनिसच्या तोफगोळ्याने ते उडालं. लॉर्ड एल्गिन या ब्रिटिश राजदूताने शिल्पं उतरवून लंडनला नेली नसती तर ती आणखी नासली असती. आणि इथे तिकीट नाही. शिकत असताना खिशात पैसे नसायचे, दर रविवारी त्या दालनात बसायचो. माझ्यासारख्यांचं ग्रीस तेच.

साताऱ्याची_सून
वाचवलं म्हणे! करवतीने कापून नेलं आणि 1816 मध्ये संसदेने पस्तीस हजार पौंडांना विकत घेतलं. आता म्युझियमला वस्तू देऊन टाकू न देणाऱ्या 1963 च्या कायद्याकडे बोट दाखवायचं. आमच्याकडे 2024 मध्ये लंडनच्याच एका संग्रहालयातून वाघनखं आली, साताऱ्यात रांग लावून बघितली, सासूबाईंनी हात जोडले. ती महाराजांचीच का हा वाद बाजूला ठेवा. आली कशी? तीन वर्षांच्या उसनवारीवर! माझं डोकं तिथेच फिरलं.

थेम्सकाठचा
वाघनखांचा इथे काय संबंध? उसनी तर उसनी, लोकांना बघायला मिळाली ना?

साताऱ्याची_सून
संबंध हाच. उसनं घेतलं की मालक कोण हे आपणच लिहून देतो. ग्रीस तिथेच अडून बसलंय आणि बरोबर बसलंय. व्हॅटिकनने 2023 मध्ये पार्थेनॉनचे तीन तुकडे परत केलेच की. तुमच्या रविवारांसाठी एका देशाने आपलं मंदिर तुकड्यांत बघायचं का?

थेम्सकाठचा
माझ्या रविवारांवर घसरायची गरज नव्हती. परत द्यायला माझा विरोध नाही, लंडनला चोर ठरवायला आहे.

पंचगंगा
अवांतर वाटेल, पण अथेन्स-लंडन परवडत नाही त्यांचं काय? कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकातल्या उत्खननात काशाचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, सापडला. रोमन काळातला, घडण ग्रीक. टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. मी गेलो तेव्हा त्या दालनात दुसरं कोणी नव्हतं. मुंबईत 2023 च्या डिसेंबरात लंडन, बर्लिन आणि अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाची शिल्पं आली तेव्हा मात्र सगळ्यांचे फोटो. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून जो आपल्याकडे आला त्याला विचारत नाही.

रानजाई
पंचगंगा, हे धाग्यातच हवं होतं, अवांतर नाही.
दूरदेशी, तुमच्या मुलीसाठी नॅशव्हिलची अथेना चांगली, एवढं मानते. रंगांची प्रतिकृती मूळ दगडाशेजारी ठेवावी, हेही. पण त्या पोस्टने 'जाऊ नका' सांगितलंय, आणि त्याला माझा विरोध कायम आहे. ज्याला जमतं त्याने जावं, सकाळी लवकर निघावं आणि आधी संग्रहालयाचा वरचा मजला करावा, मग टेकडी.

दूरदेशी
आधी टेकडी. उन्हात संग्रहालय थंड असतं. बाकी मुद्द्यांवर मी होतो तिथेच आहे.