परदेशी निर्मितीसंस्थांकडे पटकथा पाठवण्याबाबत सल्ला हवा आहे

डिचोलीकर
नमस्कार. माझी 110 पानांची मराठी पटकथा पूर्ण झाली आहे. डिचोली तालुक्यातील एक मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) आणि लिस्बनला स्थायिक झालेल्या भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, नात यांच्यातील घराच्या वादाची ही कथा असून तिचा जवळजवळ निम्मा भाग लिस्बनमध्ये घडतो. म्हणून ती पोर्तुगालमधील निर्मितीसंस्थांकडे पाठवण्याचा विचार आहे. हाताशी 15,000 रुपये आहेत. पूर्ण पटकथा थेट पाठवावी का?

म्हापसेकर
सर्वप्रथम फायनल ड्राफ्ट ही पटकथालेखनाची संगणक प्रणाली विकत घ्यावी. मी ती 20,000 रुपयांहून अधिक मोजून घेतली आणि मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही. कूरियर टंक, 12 पॉइंट, एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, ही शिस्त त्यात आपोआप पाळली जाते.

कुडचडेकर
थेट पाठवू नका, हे मी स्वानुभवाने सांगतो. अमेरिका आणि ब्रिटनमधील 37 संस्थांना मी संपूर्ण पटकथा पाठवली होती. त्यांपैकी केवळ दोघांनी उत्तर दिले, आणि तेही विधी विभागाकडून, की न मागवलेले लेखन आम्ही उघडत नाही. उद्या त्यांनी त्याच विषयावर चित्रपट काढला तर चोरीचा दावा होईल, ही भीती त्यामागे असते. आधी एक पानी पत्र आणि कथासार पाठवावे. त्यांनी पटकथा मागितली तर सोबत येणारा रिलीज फॉर्म (पुढे दावा न करण्याची लेखी कबुली) ओळ न ओळ वाचून मगच सही करावी. पुढे एका मध्यस्थाने वाचनशुल्क म्हणून माझ्याकडून 300 पौंड घेतले आणि तो पुन्हा बोललाच नाही. खरा एजंट करार झाल्यावर टक्केवारी घेतो, आधी पैसे मागत नाही.

मिरामारची वाचक
आपल्या दाराशी असलेली गोष्ट सोडून लिस्बनपर्यंत जाण्याचे कारण मला कळले नाही. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या सुमारास गोव्यात भरणारा फिल्म बाजार 2007 पासून चालू आहे, तेथे सहनिर्मितीसाठी परदेशी निर्माते स्वतः येतात. 2025 पासून त्याला वेव्हज फिल्म बाजार म्हणतात.

मडगावकर
फिल्म बाजारच उत्तम. तेथे प्रत्यक्ष बोलता येते.

फोंड्याची नाटककार
भाऊ, अनुवादाचे कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. माझ्या एकांकिकेच्या इंग्रजी अनुवादात ‘मुंडकार’चा ‘भाडेकरू’ झाला आणि नाट्यच संपले. भाडेकरू भाडे देऊन राहतो. मुंडकार भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या घर करून असतो, आणि 1975 च्या कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण मिळाले. हा फरक वाचकाला कळला नाही तर त्या नातीला घर रिकामे का करून घेता येत नाही, हेच त्याला समजणार नाही. शब्द तसाच ठेवावा आणि पहिल्याच प्रसंगात कृतीतून उलगडावा. हक्कांविषयी म्हणाल, तर भारत आणि पोर्तुगाल दोघेही लेखनहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात असल्याने लेखनाचे संरक्षण तेथेही मिळते. मात्र ते संरक्षण लिहिलेल्या मजकुराला असते, कल्पनेला नव्हे.

म्हापसेकर
अनुवाद नंतरही करता येईल, पण मांडणी चुकली तर पहिल्याच पानावर नापसंती येते. युरोपासाठी ए4 आणि अमेरिकेसाठी लेटर आकाराचे पान हवे.

कुडचडेकर
मला आलेल्या दोन्ही पत्रांत पानाच्या आकाराचा उल्लेख नव्हता. न मागता पाठवली, एवढेच कारण होते.

मिरामारची वाचक
रॉटरडॅम महोत्सवाचा ह्युबर्ट बाल्स निधीही पाहावा. आशियातील कथापटांच्या पटकथा-विकासाला तो साहाय्य देतो, पण सोबत दिग्दर्शक जोडलेला असेल तर अर्जाला वजन येते.

डिचोलीकर
सर्वांचे मनापासून आभार. फिल्म बाजारासाठी नोव्हेंबरपर्यंत थांबणे आणि दिग्दर्शक शोधणे मला सध्या जमणार नाही. प्रणालीही घेत नाही, मोफत मिळणारी पुरेशी आहे. पोर्तुगीज शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंकडून मी केवळ दोन पानांचे कथासार पोर्तुगीजमध्ये करून घेतले, त्यांनी 6,000 रुपये घेतले. इंग्रजीत करण्याचा बहुतेकांचा आग्रह असतो, परंतु नातीचे संवाद ज्या भाषेत आहेत त्याच भाषेत ती पाने वाचली जावीत असे मला वाटते. ‘मुंडकार’ हा शब्द ताईंनी सांगितल्याप्रमाणे तसाच ठेवला आहे. लिस्बनमधील तीन लहान निर्मात्यांना एक पानी पत्रासह ते सोमवारी पाठवले. पटकथा मात्र त्यांनी मागितल्याशिवाय पाठवणार नाही.