काकांना सांभाळल्याचा पगार मागतायत, किती द्यायचा?

पुतण्या, निपाणी
थोरले काका 12 डिसेंबरला गेले. मूलबाळ नाही, मृत्युपत्र नाही. वारस आम्ही दोघे पुतणे. शेवटची चार वर्षं स्वयंपाकापासून अंघोळीपर्यंत सगळं गल्लीतल्या अक्कांनी केलं, महिना 5,000 वर. दिवस झाल्यावर त्या म्हणाल्या, फेब्रुवारीपासून पगार नाही, 55,000 होतात. काका दर महिन्याला कॅलेंडरवर 'पोचले' लिहायचे, ते जानेवारीनंतर नाही. पण फेब्रुवारीतच त्यांचा हात लटपटायला लागला होता, कपबशी धरवत नव्हती. लिहिलं नाही म्हणजे दिलं नाही, असं कसं धरायचं? त्यात चुलतभाऊ म्हणतो, "दवाखान्याला मीच न्यायचो, माझे 2 लाख आधी काढा."

निवृत्त कारकून, बेळगाव
कॅलेंडर राहू दे, पासबुक बघा. 1925 च्या वारसा कायद्यात (कलम 322) घरकामगाराचा मरणाआधीच्या तीन महिन्यांचा पगार इतर देण्यांच्या आधी येतो. त्यामागचा पगार बाकीच्या देण्यांच्या रांगेत. मुदत तीन वर्षं, म्हणजे अक्का अजून मुदतीत आहेत. देणं काकांच्या मालमत्तेतूनच द्यायचं, तुमच्या खिशातून नाही. भावाचं वेगळं. फुकट करायचं मनात नव्हतं, हे त्यालाच दाखवावं लागेल. पेट्रोलच्या पावत्या आहेत काय विचारा की!

खानापूरची वैनी
माझ्या आईनं अशीच एका म्हाताऱ्यांची सेवा केली, शेवटी हातात एक लुगडं. अक्कांना चोर ठरवू नका. बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारच्या विधी सेवेतून वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत केसआधीसुद्धा तडजोड होते, कोर्ट फी नाही.

पुतण्या, निपाणी
पासबुक बघितलं. जूनपर्यंत दरमहा 5,000 काढलेत, नंतर काही नाही. अक्कांना विचारलं तर त्या काही न बोलता आत गेल्या आणि साखरेच्या पिशवीतून औषधांच्या चिठ्ठ्या आणल्या. फेब्रुवारी ते जून, 18,400. काकांनी पगाराचे म्हणून काढलेले पैसे औषधातच गेले होते. माझीच मान खाली गेली. उरलेले 6,600 त्यांना मिळालेत, हे त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणजे 48,400 देणं. ठेव मोडायला दोघांच्या सह्या लागतात, आणि भाऊ 2 लाखांवर अडून बसलाय. लोकअदालतीचा अर्ज आणायला सोमवारी जातोय.

निवृत्त कारकून, बेळगाव
चिठ्ठ्यांच्या झेरॉक्स काढून घ्या, शाई उडते.