सर्व्हर चालू ठेवून रेड 5 ची जागा वाढवायची आहे: 4 डिस्कवरून 6

प्रश्न:
उबंटूवर एमडीचा (लिनक्समधली रेडची सोय) सॉफ्टवेअर रेड 5 आहे, म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच (अ‍ॅरे), त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो. 4 टीबीच्या 4 डिस्क, त्यावर एलव्हीएम (जागा वाटून देणारा थर), वर ईएक्स्टी4 फाइलसिस्टिम. 12 टीबीपैकी 92 टक्के भरलंय. हॉट-स्वॅपचे (सर्व्हर चालू असताना डिस्क घालता येणारे) दोन बे रिकामे आहेत आणि 4 टीबीच्या दोन नव्या डिस्क हातात आहेत. शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) दिवसभर वापरात असतो, त्यामुळे अनमाउंट करता येणार नाही. दोन्ही डिस्क रेड 5 मध्येच घालून 20 टीबी करावं म्हणतो. क्रम काय ठेवू?

उत्तर 1:
20 टीबी करू नका, रेड 6 करा, त्यात दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो. 16 टीबी मिळतील. सहा डिस्कच्या रेड 5 मध्ये एक गेली की रिबिल्डला (बदली डिस्क भरून काढायला) उरलेल्या पाचही पूर्ण वाचाव्या लागतात. त्यात एक सेक्टर वाचता आला नाही तरी तिथला डेटा गेलाच.

आधी बॅकअप घ्या आणि त्यातल्या दोन-चार फाइल उघडून बघा. मग एमडीच्या सिंक-अ‍ॅक्शनला ‘चेक’ देऊन जुना अ‍ॅरे एकदा पूर्ण वाचून घ्या. स्मार्टमध्ये (डिस्कच्या तब्येतीच्या नोंदी) कोणत्याही डिस्कचे ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न आलेले सेक्टर) शून्य नसतील तर आधी ती डिस्क बदला. त्यानंतर एमडीएडीएमने (एमडी हाताळायची कमांड) दोन्ही नव्या डिस्क ‘अ‍ॅड’ करा. त्या स्पेअर (राखीव) दिसतील. मग ‘ग्रो’, लेव्हल 6, रेड-डिव्हाइसेस 6. बॅकअप-फाइल (काम मधेच थांबलं तर लागणारी तात्पुरती फाइल) द्या, पण ती या अ‍ॅरेवर नको, सिस्टिम डिस्कवर ठेवा. बिटमॅपवरून (कुठलं लिहिणं अर्धवट आहे याची नोंद) नकार आला तर बिटमॅप काढा, काम झाल्यावर परत लावा.

रिशेप (डेटा सहाही डिस्कवर पुन्हा मांडणं) संपेपर्यंत वाढीव जागा दिसणार नाही. संपल्यावर पीव्हीरिसाइझ (एलव्हीएमला नवी जागा दाखवायला), मग एलव्हीएक्स्टेंडला (व्हॉल्यूम वाढवायला) ‘-आर’ जोडा, म्हणजे फाइलसिस्टिमही माउंट असतानाच वाढते.

उत्तर 2:
रेड 6 च्या बाजूने आणखी एक कारण. ईएक्स्टी4 ला ‘64बिट’ फीचर नसेल तर 4 केबी ब्लॉकवर तिची मर्यादा 16 टीआयबी आहे (1 टीआयबी म्हणजे सुमारे 1.1 टीबी). 16 टीबी म्हणजे 14.55 टीआयबी, ते बसतं. 20 टीबी म्हणजे 18.2, तिथे अडेल, आणि ते फीचर नंतर चालू करायला अनमाउंट करावंच लागतं. ट्यून2एफएस ‘-एल’च्या यादीत आत्ताच बघून ठेवा.

नव्या डिस्क एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) नाहीत ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. सलग लिहिताना त्या इतक्या मंदावतात की अ‍ॅरेमधून बाहेर फेकल्या जातात. स्मार्टसीटीएलने एससीटी-ईआरसी (डिस्कने खराब सेक्टरवर किती वेळ झगडायचं ती मर्यादा) 70,70 करा, म्हणजे खराब सेक्टरवर डिस्क 7 सेकंदांत हात वर करते. नाहीतर कर्नल 30 सेकंदांनी तिला रीसेट करतो. ही सेटिंग वीज गेली की पुसली जाते, बूट स्क्रिप्टमध्ये घाला.

प्रश्नकर्ता:
रेड 6 चा रिशेप सुरू केला. 8 तासांत फक्त 3 टक्के. एमडीस्टॅटमध्ये (रेडची चालू स्थिती दाखवणारी फाइल) गती सेकंदाला 4000 के (केबी) च्या आसपास आहे.

उत्तर 1:
शेअर वापरात असला की एमडी मागे सरतो, स्पीड-लिमिट-मिनपर्यंत (किमान गतीची सेटिंग). ती मूळची 1000 के असते. तेवढ्यावर अडकला तर दीड महिना जाईल. ती 50000 करा, स्ट्राइप-कॅश-साइझ (रेडसाठी वापरायच्या रॅमची सेटिंग) 256 वरून 4096 करा. सहा डिस्कला साधारण 96 एमबी रॅम जाईल. सेकंदाला 50 एमबीची गती टिकली तर एका दिवसात आटपेल. शेअर फारच अडखळला तर दिवसा 20000 वर आणा.

उत्तर 3:
शेवटी एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमधली अ‍ॅरेची ओळ बघा. तिथे लेव्हल रेड 5 आणि नम-डिव्हाइसेस 4 लिहिलेलं राहिलं, तर पुढच्या बूटला जुळणी न झाल्याने अ‍ॅरे उभाच राहत नाही. ओळीत फक्त यूयूआयडी (अ‍ॅरेचा ओळख क्रमांक) ठेवा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा, म्हणजे बूटच्या वेळची प्रतही बदलते.